दुसरीचं नाव

१

जुन्या कॉम्प्युटरच्या धंद्यात मशीन चालू होत नाही असं कोणी म्हणत नाही. मशीन उठत नाही, असं म्हणतात. गिऱ्हाईक डबा काउंटरवर आपटतं आणि म्हणतं, "काल रात्री नीट झोपवलं होतं, सकाळपासून उठत नाही." जुनेशेठ यावर वीस वर्षं एकच उत्तर देत आले होते : "झोपू द्या की, आपल्याला कुठे कोणी झोपू देतं?" गिऱ्हाईक हसलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं त्यांनी कुठल्या कॉलेजात शिकलेलं नव्हतं. बिघडलेली मशीनं उघडून, आणखी बिघडवून, मग दुरुस्त करून ते हाताला आलं होतं.

जुनेशेठ हे लोकांनी ठेवलेलं नाव. जुनी मशीनं घ्यायची, पुसूनबिसून नवी करायची, हसतखेळत विकायची. गोष्टी इतक्या की गिऱ्हाईक माउस घ्यायला यायचं आणि तासाभराने माउस न घेताच, पण पोट धरून हसत घरी जायचं.

गोष्टींना दाद न देणारं माणूस एकच होतं, त्यांची बायको. तिसऱ्या वाक्याला ती हात वर करायची. "अहो, हे सांगून झालंय. चौदा वेळा." आणि खरंच चौदा वेळा झालेलं असायचं, कारण ती मोजायची.

आता ती सात नंबरच्या पलंगावर होती. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली, ती खाली आली तेव्हा डोळे मिटलेले होते. त्याला एक्केचाळीस दिवस झाले. श्वास आपला आपण घेत होती, बाकी काही नाही. डॉक्टर रोज सकाळी तिच्या पापण्या वर करून बॅटरी मारायचे आणि म्हणायचे, "उठतीलही." त्या 'ही'वर जुनेशेठचा दिवस जायचा.

तीन वाजता दुकान ओढून घ्यायचं, साडेतीनला वॉर्डात, पाचपर्यंत तिचा हात हातात धरून गोष्टी सांगायच्या. आता हात वर करणारं कोणी नव्हतं. रोज ते मुद्दाम सांगून झालेलीच गोष्ट काढायचे.

एक्केचाळिसाव्या दिवशी वॉर्डच्या थोरल्या सिस्टर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? आमचं मशीन उठत नाहीये."

"सिस्टर, या वॉर्डात न उठणारं ते एकटंच नाही," जुनेशेठ म्हणाले. सिस्टर हसल्या नाहीत. मग जुनेशेठनाही हसू आलं नाही.

२

मशीन वॉर्डाला लागूनच असलेल्या कागदपत्रांच्या खोलीत होतं. खोली म्हणजे खिडकीला आतून रंग दिलेली बोळच. एका बाजूला फायलींचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि भिंतीपलीकडे सात नंबरचा पलंग. भिंत पातळ होती. पलीकडे कोणी खुर्ची सरकवली तर इकडे टेबलावरचा पेनस्टँड वाजायचा.

"कधीपासून असं?"

"सहा आठवडे झाले असतील. त्याआधी वर्षानुवर्षं तक्रार नव्हती. हल्ली उठतं तर उठतं, नाहीतर काळं होऊन बसतं."

जुनेशेठनी खिशातला पेनड्राइव्ह लावून मशीन बाहेरून उठवलं आणि आत डोकावून पाहिलं. डिस्कवर लिनक्स ही मशीन चालवणारी प्रणाली होती, तीही दोनदा. एका डब्यात दोन बिऱ्हाडं. यात नवल नाही, जुन्या मशीनांत असं असतंच. सुरुवातीला एक यादी येते, हिला उठवायचं की तिला. पाच आकडे उलटे मोजले जातात, आपण काही बोललो नाही तर पहिली उठते. दुसरी झोपून राहते. जागा दोघींची, पण एका वेळी जागं राहायचं एकीनेच.

ही यादी तयार करणारी एक स्क्रिप्ट होती, म्हणजे मशीनला लिहून ठेवलेली कामांची चिठ्ठी. मशीन बंद होताना ती दर वेळी यादी नव्याने लिहायची. आधीच्या कारागिराने चिठ्ठीच्या डोक्यावर लिहिलं होतं : पहिली चूक झाली की तिथेच थांब. ती मध्येच थांबत होती, यादी कोरी राहत होती, आणि कोरी यादी समोर आल्यावर मशीनने उठायचं तरी कोणी म्हणून?

जुनेशेठनी स्क्रिप्ट हाताने चालवली. पडद्यावर मराठीत एकच ओळ उमटली.

नका : असा हुकूम सापडला नाही.

ते मोठ्याने हसले. सिस्टर दारातून म्हणाल्या, "काय झालं?"

"तुमचं मशीन बिनडोक गड्यासारखं आहे. या बघा. इथे दोन्ही बिऱ्हाडांची नावं दिली आहेत. पहिलीचं नाव 'वॉर्ड'. दुसरीच्या नावापुढे दोन शब्द आहेत : उठवू नका. आता नाव दोन शब्दांचं असलं की त्याला अवतरणचिन्हांत धरून ठेवावं लागतं. या बाजूला एक, त्या बाजूला एक. चिन्हं नसली की मशीन पहिला शब्द नाव म्हणून घेतं, आणि दुसरा शब्द आपल्याला केलेला हुकूम आहे असं समजतं. नका नावाचं काम करायला धावतं. तसं काम जगात नाही. म्हणून बसतं रुसून."

"म्हणजे नाव काय राहिलं मग?"

"मशीनच्या लेखी? नुसतं 'उठवू'."

सिस्टर पदराला हात पुसत म्हणाल्या, "एवढंच आहे तर करा ना नीट. मला आठ पेशंटचे कागद काढायचेत."

जुनेशेठनी 'उठवू नका'च्या दोन्ही बाजूंना चिन्हं घातली. यादी तयार झाली, पाच आकडे मोजले गेले, वॉर्ड उठला. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या बिऱ्हाडाला असलं नाव कोणी ठेवलं आणि का, याचा त्यांनी विचार केला नाही. धंद्यात लोक मशीनांना काय काय नावं ठेवतात. एका गिऱ्हाइकाने सासऱ्याचं ठेवलं होतं, चिडलं की बंद करता यावं म्हणून.

३

दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा उठलं नाही. फाइलमधली दोन्ही चिन्हं गेली होती.

"सिस्टर, याला कोणी हात लावला?"

"काका, किल्ली माझ्या कमरेला असते."

फाइल कधी बदलली ती वेळ जुनेशेठनी काढली. आदल्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटं. त्या वेळी ते स्वतः भिंतीपलीकडे बसून, गिऱ्हाइकाने प्रिंटरमध्ये पाव भाजायला ठेवला ती गोष्ट सांगत होते. जुनी प्रत परत येऊन बसली असेल, असं त्यांनी ठरवलं. असं होतं. मशीन आपल्या मनाने जुन्यावर जातं, म्हाताऱ्या माणसासारखं. त्यांनी चिन्हं पुन्हा घातली, आणि या वेळी फाइलला कुलूप लावलं.

मग पलंगापाशी बसले, तिचा हात घेतला आणि तीच प्रिंटरची गोष्ट पुन्हा सुरू केली. पंखा फिरत होता. पाच नंबरचा म्हातारा घोरत होता. चार वाजून दहा मिनिटं झाली असतील-नसतील, भिंतीपलीकडून आवाज आला.

टक्.

किबोर्डचं एक बटण. जुनेशेठना तो आवाज झोपेतही कळला असता. ते थांबले. थोडं अंतर गेलं, दोन शब्दांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला लागेल तेवढं.

टक्.

आणि त्याच वेळी हातातल्या हातात, तिच्या पहिल्या बोटाने त्यांच्या तळव्यावर दाब दिला. आधीच्या आवाजालाही दिला होता. तेव्हा त्यांना भास वाटला होता.

खोलीला कुलूप होतं. किल्ली सिस्टरांच्या कमरेला होती. सिस्टर समोर उभ्या राहून तीन नंबरची बाटली बदलत होत्या.

शहाणा माणूस त्या क्षणी हात सोडून उठला असता. जुनेशेठ मात्र रडायला लागले. एक्केचाळीस दिवसांत न हललेलं बोट हललं होतं.

"सिस्टर, हिने बोट हलवलं. दोनदा."

डॉक्टर आले, बॅटरी मारली, टाचेला टोचून पाहिलं. "होतं असं कधीकधी. आपोआप हलतं. त्यावर आशा बांधू नका."

त्या दिवसापासून जुनेशेठ रोज चिन्हं घालू लागले, आणि रोज चार वाजून दहा मिनिटांनी तिचा हात धरून बसू लागले. दोन टक्, दोन दाब. मुलीला फोन करून सांगितलं, "ठमे, आई येतेय परत." चिन्हं कोण काढतं हा प्रश्न त्यांना पडत होता. घरी, आंघोळीला बसल्यावर पडत होता. वॉर्डात आले की पडत नव्हता.

४

मशीनच्या बुडाला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, आधीच्या कारागिराच्या नंबराची. पाचव्या दिवशी जुनेशेठनी तो लावला. एक थकलेला, पण अगत्याचा आवाज आला.

"बोला की. धंद्यातले दिसताय."

"ओळखलंत?"

"मागे पंखे ऐकू येतायत. दुकानात बसलाय."

जुनेशेठनी मशीनचं सगळं सांगितलं. चिन्हांचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं नाही. म्हाताऱ्या कारागिराने ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "त्या वॉर्डात तुमचं घरचं कोणी आहे?"

"बायको. सात नंबरला."

म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली आला.

"सिस्टरांना सांगा, मशीन बदलून घ्या. तुमच्याकडचंच एखादं द्या, फुकट द्या."

"पण त्यात आहे काय?"

"ते मलाही ठाऊक नाही. मी फक्त नाव ठेवलं." म्हातारा खोकला. "तुम्ही रोज हेच विकता, तुम्हाला मी काय सांगणार? एका डब्यात दोन असल्या तर उठते एकच. दुसरीला उठवलं म्हणून पहिली मरत नाही. असते. सगळं ऐकत असते. फक्त तिची पाळी येत नाही."

"म्हणजे कसं?"

"ठेवतो. आणि ते बोट हलतंय ना, त्याच्यावर जाऊ नका."

फोन ठेवल्यावर जुनेशेठना आठवलं, बोटाचं त्यांनी सांगितलंच नव्हतं.

५

माणसाला जे करायचं असतं त्याचं कारण त्याला आपोआप सापडतं. जुनेशेठना ते खुर्चीत बसल्या बसल्या सापडलं. मशीन स्वतःच सांगतंय की नका हा हुकूम अस्तित्वात नाही. जो हुकूम नाहीच, तो लिहून ठेवायचा कशाला? रोज दोन चिन्हं घालण्यापेक्षा तो शब्दच काढला तर नाव एका शब्दाचं होईल, चिन्हांची गरज उरणार नाही. दुरुस्ती म्हणून यात काहीच वावगं नव्हतं. दुकानात शेकडा नव्वद मशीनं त्यांनी अशीच उठवली होती, जे अडतं ते काढून टाकायचं.

भर दुपार होती. दारावरच्या काचेतून वॉर्डातला उजेड टेबलावर पडला होता. त्यांनी 'नका' खोडलं. स्क्रिप्ट न अडखळता शेवटापर्यंत गेली. मशीन बंद करून पुन्हा लावलं.

यादी आली.

वॉर्ड
उठवू

खाली आकडे सुरू झाले. पाच. चार. हे नाव आता त्यांनी नीट वाचलं. नावासारखं ते वाटतच नव्हतं. कोणीतरी अदबीने परवानगी विचारत होतं. तीन. भिंतीपलीकडे नुसती शांतता होती, पाच नंबरचा म्हातारासुद्धा घोरत नव्हता. दोन.

जुनेशेठनी खालचा बाण दाबला, आणि मग एंटरचं मोठं बटण.

पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. पंखा मात्र वेगाने फिरू लागला, मशीन बऱ्याच वर्षांनी श्वास घेत असल्यासारखा. पेनस्टँड वाजला. पलीकडे लोखंडी पलंग करकरला, आणि कोणाची तरी अनवाणी पावलं फरशीवर टेकल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरं.

"काका," सिस्टरांची हाक आली. आवाजात आनंद होता की काय होतं, ते कळलं नाही. "काका, इकडे या."

ती पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. सहा आठवडे पडून असलेल्या माणसाला असं बसता येत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती, नवी बांगडी भरून घेतल्यावर बायका बघतात तसं, पालथा, उलथा. मग तिने जुनेशेठकडे पाहिलं आणि हसली.

"थांबलात का? त्या प्रिंटरवाल्याचं पुढे काय झालं?"

६

घरी आल्यावर आठ दिवस माणसांची रीघ लागली. डॉक्टर म्हणाले, असं पाहिलं नाही. शेजारीण म्हणाली, "पुण्याई हो तुमची." एक मित्र डोळा मारून म्हणाला, "शेठ, वहिनी नव्या दिसतायत. दुसरी केल्यासारखं वाटत असेल." जुनेशेठ हसले.

ती चांगली होती, सगळ्याच बाबतीत. आधी चहाचा शेवटचा घोट कपात ठेवायची सवय होती, आता कप कोरडा करायची. जिना चढताना दम लागायचा, आता लागत नव्हता. आणि ती गोष्टी ऐकायची. जेवणाचं ताट बाजूला सारून, हनुवटी हातावर टेकून, शेवटपर्यंत. नेमक्या जागी हसायची. "मग? पुढे?" एकतीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द जुनेशेठनी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. पंधराव्यांदा सांगितलेल्या गोष्टीलाही तिने हात वर केला नाही.

मुलगी चार दिवस राहायला आली आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरू लागली.

"ठमे, एवढ्यात?"

"बाबा, आई मला बाळ म्हणते."

"मग चांगलंच आहे की."

"जन्मात कधी म्हणाली नाही. मी म्हटलं, मला ठमी म्हण ना. तर म्हणते, ठमी कोण?" मुलीने चेन ओढली. "आजारपणाने विसरली असेल. पण बाबा, विसरलेलं माणूस आठवायला तरी बघतं. ही बघत नाही. काल ती मुद्दाम माझ्या मागे मागे फिरत होती, मी कुठे काय ठेवते ते पाठ करत होती."

"तू फार विचार करतेस."

"तुम्ही मुळीच करत नाही."

ती गेली. त्याच दुपारी जुनेशेठनी बायकोला झोपेतून उठताना पहिल्यांदा जवळून पाहिलं. तिने डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत ती होती. चूक होणं शक्य नव्हतं. त्रासलेली, दमलेली, त्यांची. ओठ सुकलेले.

"अहो," ती म्हणाली. "मला..."

डोळ्यांतून ती खाली गेली, विहिरीत पोहरा जातो तशी. हसरा चेहरा वर आला. "किती वाजले हो? चहा टाकू?"

जुनेशेठना आकडे मोजायची सवय होती. पाच आकडे झाले होते.

दुसऱ्या दुपारी ते घड्याळ घेऊनच उशाशी बसले. डोळे उघडले. ती "अहो" म्हणाली नाही, त्यात वेळ जातो हे तिला कळलं असावं. कालचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून उचललं.

"...कोणी उठू..."

पाच. चहा.

तिसऱ्या दुपारी : "...देत नाही हो."

७

चौथ्या दिवशी जुनेशेठ वॉर्डात गेले. काय करायचं ते पाठ होतं. एक शब्द परत लिहायचा, दोन चिन्हं घालायची, मशीन बंद करून लावायचं, पाच आकडे गप्प बसायचं. पहिली उठेल.

"या काका," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवसानंतर पडदा काळा झालाच नाही, काय बेस्ट चालतंय मशीन. पण आता यादीत एकच नाव येतं, चालेल ना?"

जुनेशेठ खुर्चीत बसले. यादीत खरंच एकच नाव होतं. वरचा 'वॉर्ड' गेला होता, तिथे नुसती रिकामी ओळ होती. ती ओळ दोन ओळींएवढी रुंद वाटत होती.

त्यांनी फाइल उघडली. बोटं बटणांवर ठेवली. बंद करून लावल्यावर पहिली उठली नाही तर? दुसरीही उठली नाही तर? पुन्हा सात नंबर, पुन्हा ते डॉक्टरांचं 'ही'. हे भय खरं होतं, आणि धंद्यातल्या कोणालाही पटलं असतं. चालतं मशीन उघडू नये.

पण त्याच्या खाली आणखी एक विचार होता. तो गुपचूप बसला होता, आणि जुनेशेठना तो दिसत होता. पहिली उठली की तिसऱ्या वाक्याला हात वर करणार.

"काका, बंद करायचंय का?" सिस्टरांनी विचारलं. "मी कागद काढून घेते मग."

"नको," जुनेशेठ म्हणाले. "राहू दे. छान चाललंय."

त्या दुपारी घरी बायकोने डोळे उघडताच नवं वाक्य सुरू केलं. नजर थेट त्यांच्यावर होती. "तुम्हाला सगळं..." तेवढ्यात पाच झाले.

पुढचा शब्द काय असणार हे जुनेशेठना कळलं होतं. तो ऐकायची त्यांची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या पापण्या हलल्या मात्र, त्यांनी खांद्याला धरून तिला गदागदा हलवलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जोराने उठवलं तर पाच आकडे होत नाहीत, दोनच होतात. दोन आकड्यांत एक अक्षर मावतं. "ठा..." एवढंच आलं.

त्यानंतर त्यांनी गजराचं घड्याळ आणलं, ठणाणा वाजणारं. झोपलेल्या बायकोच्या उशीवर, कानाला लागून ठेवलं. आज दुपारी ते पहिल्यांदा वाजलं. ओठ उघडायला आले आणि त्याच ठिकाणी हसू आलं. आकडा एकसुद्धा पुरा झाला नाही. फक्त डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं, दोन्हीकडून, भराभर, मिळालेला वेळ दुसऱ्या कशात घालवायचा नाही असं ठरवून आल्यासारखं.

ते पाणी जिने पुसलं ती दुसरी होती. तिने ओलं बोट उजेडात धरून निरखलं, मग हनुवटी हातावर टेकली.

"सांगा ना," ती म्हणाली. जुनेशेठनी घड्याळाला उद्याची किल्ली दिली आणि गोष्ट सुरू केली.